वाट्याचा फोटो

वाटूर फाटा,
२२ मार्च १९९८

प्रिय मच्छिंद्र,

आधी काय झालं ते क्रमानं लिहिते.

१. बुधवारी आपल्या एक्स-रे सेंटरची सरकारी तपासणी झाली. एक बाई आणि दोन साहेब आले होते.
२. मशीनला सील लागलं नाही.
३. गेल्या महिन्यात मी तुझ्या वडिलांच्या छातीचा फोटो काढला. दोन्ही फुफ्फुसं स्वच्छ आहेत. क्षय नाही. खोकला होता, तो आता गेला.
४. त्या फोटोचे पैसे घेतले नाहीत. तो फुकटही नव्हता.
५. माझे वडील आणि तुझे वडील एका बाकावर शेजारी बसले आणि बोलले.

तिसरा मुद्दा तुला आधी कळावा म्हणून हे असं मांडलं. चौथा आणि पाचवा एका ओळीत मावत नाहीत, म्हणून पुढे लिहिते. फाट्यावरच्या एसटीडी बूथमधून फोन करता आला असता, पण तिथला माणूस मीटरपेक्षा आपल्या बोलण्याकडे जास्त लक्ष देतो, आणि त्याला समजलं की संध्याकाळपर्यंत परतूरला समजतं. पत्र बरं. मला पत्रात नीट सांगता येतं.

तू ज्या अटीवरून डॉक्टरांशी भांडून गेलास, ती अटच जानेवारीत नोटीस होऊन दारात आली. तुला ती पाठ आहे, तरी लिहिते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपलं जपानी मशीन बंदरातून सोडवताना सरकारनं त्यावरची आयातीची ड्यूटी माफ केली आणि बदल्यात डॉक्टरांकडून लिहून घेतलं, की बाहेरून येणाऱ्या रुग्णांपैकी शंभरात चाळीस जणांची तपासणी विनाशुल्क होईल. म्हणजे पाचात दोन. त्याची पाटीही आपल्याकडे होती. इंग्रजीत होती, आणि जिन्याखाली होती, जिथे बेबीनंदा झाडू आणि फरशी पुसायची बादली ठेवते. तू डॉक्टरांना म्हणाला होतास, पाटी झाडूला वाचायला लावलीय का? डॉक्टर म्हणाले होते, फुकट मागायला कोणी येतच नाही, मी काय गावोगाव दवंडी देऊ? त्या दिवशी मी दोघांचं ऐकत डार्करूममध्ये फिल्म धूत उभी होते आणि मला वाटत होतं की तूच बरोबर आहेस. आता वाटतं, डॉक्टरांचंही थोडं बरोबर होतं. कसं ते सांगते.

नोटिशीत लिहिलं होतं की मार्चमध्ये पथक येईल. अट पाळलेली दिसली नाही तर मशीनला सील, आणि माफ केलेली ड्यूटी व्याजासकट वसूल. तिसऱ्या दिवशी डॉक्टर तातेराव मला बोलावून म्हणाले, "शिवकन्या, सील लागलं तर मी दवाखान्यात गोळ्या वाटत बसेन, माझं पोट भरेल. तुझं काय?" माझं काय ते मला माहीत होतं. आणि जांबपासून वाटूरपर्यंतच्या माणसाला एका फोटोसाठी जालन्याला जावं लागेल, हेही माहीत होतं. ज्याची बरगडी मोडली आहे त्याला टेम्पोच्या फाळक्यावर बसवून जालन्याला नेतात तेव्हा काय होतं ते तू पाहिलं आहेस.

मग डॉक्टरांनी खरंच मनावर घेतलं. दारावर मराठीत पाटी आली : येथे तपासणी मोफत. आणि लोकांनी ती नाकारली. मला यावर विश्वास ठेवायला आठवडा लागला. जांबच्या चतुराबाई पाटी वाचून घेऊन म्हणाल्या, "फुकटचा फोटो बराबर निघत न्हाई. शिकाऊ पोरी काढत्यात." मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं असं नाही. दुसरे एक जण पाटी बघून दारातूनच वळले. फुकट आणि सरकारी हे दोन शब्द एकत्र आले की त्यांना नसबंदीचा कॅम्प आठवतो. डॉक्टरांनी शब्द बदलून 'शुल्क माफ' केलं. तेव्हा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "माफी कशाची? आम्ही काय गुन्हा केल्ता?" बेबीनंदा इतकी हसली की तिच्या हातून फिल्मची कॅसेट पडता पडता राहिली. मी हसले नाही. पाचात दोन सोडाच, पन्नासात दोघं मिळत नव्हते.

अशात एका सकाळी तुझे वडील आले. घोंगडी, काठी आणि खोकला. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला ओळखलं. मी रायभानमामा म्हटलं. लहानपणापासून म्हणतेच. तीर्थपुरीला आमच्या रानात तुमची मेंढरं बसायला यायची तेव्हा तू बांधावर आणि मी माळवदावर, आणि आपल्या मध्ये तुझे वडील, इतकीच आपली ओळख होती. औरंगाबादला एक्स-रेच्या वर्गात शेजारच्या बाकावर तू दिसलास तेव्हा मला आधी तुझी नाही, त्यांच्या घोंगडीची आठवण झाली. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. उषामावशी, जिच्याकडे मी इथे राहते, तिला घरी गेल्यावर सांगितलं की रायभानमामा आले होते, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आतापासूनच मामा म्हनायली का?" सासऱ्याला मामा म्हणतात हे मला माहीत आहे. मी ताटात आणखी भाजी वाढून घेतली.

मामांनी पैसे विचारले. मी सांगितलं, तुम्हाला लागत नाहीत. ते उठून उभे राहिले. "न्हाई. पैसे न्हाईत तर फोटो न्हाई. मेंढरू इकतो आन् येतो." मी म्हटलं, मामा, खोकला दिवाळीपासून आहे म्हणता, मेंढरू विकेपर्यंत थांबू नका. ते म्हणाले, "पोरी, माही मेंढरं तुह्या बापाच्या रानात बसत्यात. तुहा बाप मला जवारी देतो. फुकट देतो का? न्हाई. माह्या मेंढरानं त्याचं रान खतिवलं. त्यो माहा वाटा हाय. वाट्याचं असलं तर मी मागून घेतो. फुकटचं असलं तर हातबी लावीत न्हाई."

मी त्यांना बसवलं आणि मशीनची गोष्ट त्यांच्या हिशेबानं सांगितली. म्हटलं, हे मशीन जपानहून बोटीनं आलं. बंदरावर सरकारचा नाका आहे. तिथे सरकारचा मोठा वाटा निघत होता. सरकार डॉक्टरला म्हणालं, माझा वाटा मी घेत नाही, तुझ्याकडेच ठेव. पण मशीन चाललं की पाचात दोन फोटो माझ्या माणसांचे. मामांनी डोळे बारीक करून ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजी सरकारनं आमचा वाटा डॉक्टरकडं ठिवायला देल्ता." मी म्हटलं, असंच समजा. ते म्हणाले, "मंग आतापत्तूर त्यानं दिला का न्हाई?" तेवढ्यात डॉक्टर मागे येऊन उभे होते. मला वाटलं आता चिडतील. ते म्हणाले, "रायभान, मागची बाकी काढू नको. न्हाईतर तुह्या मेंढरामागं मलाच हिंडावं लागंल." मामा म्हणाले, "हिंडा की. तब्येत सुधरंल." डॉक्टरांचं पोट तुला माहीत आहे.

मग फोटो. इथे एक गोष्ट झाली, ती तांत्रिक म्हणून सांगते. वर्गात आपल्याला शिकवलं होतं, रुग्णाला 'श्वास रोखा' म्हणा. इथे पहिल्याच दिवशी मी तसं म्हटलं आणि समोरच्या बाईनं खांदे रोखले, हात रोखले, श्वास तसाच चालू ठेवला. तेव्हा तू दाराआडून म्हणालास, "दम धरा म्हण. आणि सोडा म्हणायला विसरू नको. हे लोक सांगितल्याशिवाय सोडत नाहीत." तेव्हापासून मी विसरले नव्हते. त्या दिवशी विसरले. मामांना स्टँडला उभं केलं, हनुवटी वर, छाती कॅसेटला टेकवून, खांदे पुढे. म्हटलं, मोठा दम घ्या, धरा. ते म्हणाले, "धरूनच राह्यलोय." पण धरला. एक्सपोजर दिलं आणि त्याच क्षणी लाईट गेली. स्टॅबिलायझरचा जुना त्रास तुला ठाऊक आहे, लाईट अशी गेली आणि लगेच आली तर मशीनला धक्का बसतो, म्हणून मी धावत मेनस्विचकडे गेले. तिथे बेबीनंदा काहीतरी विचारायला लागली. परत आले तेव्हा मामा तसेच उभे. गाल फुगलेले, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. मी ओरडले, सोडा! ते धापा टाकत खाली बसले आणि पहिला शब्द आला तो असा : "पोरी, तूबी आमच्या मच्छिंद्रावानीच की. दम धरा म्हनायचं आन् निघून जायचं."

मी फिल्म धुवायला आत गेले. लाल दिव्याखाली बराच वेळ ट्रेमध्ये हलवत राहिले. फुफ्फुसं हळूहळू दिसायला लागली. काळी, मोकळी, कुठेही डाग नाही. तुला माझी पद्धत माहीत आहे, ओली फिल्म पाहून मी कोणाला काही सांगत नाही. त्यांना सांगितलं.

मामा गेले आणि शब्द मागे राहिला. मी डॉक्टरांना म्हटलं, पाटीवर एकदा शेवटचा बदल करू. आता दारावर खडूनं असं आहे : पाचात दोन वाटे सरकारनं लोकांसाठी ठेवले आहेत. आपला वाटा मागून घ्यावा. पुढच्याच सोमवारी बाक भरला. दोनच आठवड्यांत बाहेर दुसरा बाक टाकावा लागला. लोक पाटी दाखवून हक्कानं विचारतात, आमचा वाटा शिल्लक हाय का? फुकट म्हणून जे दारातून परत गेले होते तेच. वाटा खरा कोणाचा, हे ठरवायला डॉक्टरांना रेशनकार्ड बघायचं होतं. मी म्हटलं, नको. सगळ्यांसमोर मोठ्यानं एवढंच विचारायचं, वाट्याचं का पैशाचं? ही युक्ती माझी, आणि तिचा मला थोडा अभिमान आहे. एकदा जीपमधून आलेले एक बागाईतदार 'वाट्याचं' म्हणाले. बाकावरून बायनाबाई लगेच म्हणाल्या, "अगं बया! मोसंबीचा बाग इकला का दादा?" त्यांनी पाकीट काढलं. तेव्हापासून बाकच आमचा तपासनीस आहे.

पैशाचं गणित कसं बसलं, हे तू विचारशील. डॉक्टर आधी म्हणाले, उरलेल्या तिघांचा दर वाढवू. मी म्हटलं, मग वाटा त्यांच्या खिशातून जाईल, पाटीवर सरकारशेजारी त्यांचंही नाव लिहावं लागेल. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच तोड काढली. आपल्या दरातला एक भाग फोटोसाठी चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना पाकिटातून जायचा, त्याबद्दलही तू बोलला होतास. ती पाकिटं बंद झाली. त्यातल्या काहींनी पेशंट पाठवणं बंद केलं. पण लोक आता चिठ्ठीची वाट न बघता स्वतःच येतात, आणि दर आहे तोच राहिला, दाराबाहेर मोठ्या अक्षरात. डॉक्टर म्हणतात, कमाई थोडी कमी झाली आणि झोप थोडी वाढली. कोणत्या गोष्टीची भरपाई कोणत्या गोष्टीनं झाली, ते मी विचारलं नाही.

आता बुधवार. पथकातल्या बाई नीट होत्या. आमच्या नोंदी पाहिल्या, पण म्हणाल्या, नोंदी कोणीही करतं, मी लोकांना विचारणार. मला हे पटलं, मीही तेच केलं असतं. त्या थेट बाकापाशी गेल्या आणि विचारलं, इथे तुमची तपासणी मोफत झाली का? आणि मच्छिंद्र, बाकावरच्या एकूण एक माणसानं नाही म्हणून सांगितलं. चतुराबाई तर ताठ झाल्या. "मोफत? आम्ही काय मोफतवाले दिसतो का?" बाईंनी विचारलं, मग पैसे दिले? उत्तर आलं, "नगदी न्हाई. आमच्या वाट्यातून वळतं केलं." कसला वाटा, कोणाकडे? नेमका त्या दिवशी राधाकिसन बसला होता. तो डॉक्टरांचं शेत वाट्यानं करतो. तो उत्साहानं म्हणाला, "डॉक्टरसायबाकडंच की! त्यांच्याकडंच आमचा वाटा राहतो." बाईंनी पेन थांबवलं. आमच्याकडे पाहिलं. त्यांना काय वाटलं ते मला लगेच कळलं : हा डॉक्टर गरीब वाटेकऱ्यांच्या तुरीतून, कापसातून फोटोचे पैसे कापून घेतो आणि वहीत शून्य लिहितो. मी त्यांच्या जागी असते तर मलाही तेच वाटलं असतं. सोबतच्या साहेबांनी बॅगेतून सीलची लाख आणि कापडी पट्टी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर बोलायला गेले तर बाई म्हणाल्या, तुम्ही आत बसा. मी बोलायला गेले तर म्हणाल्या, तुम्ही यांच्या नोकर आहात. दोन्ही बरोबर. आणि हा वाटा शब्द मीच पाटीवर लिहिला होता.

आता पाचवा मुद्दा. त्या दिवशी माझे आबा आले होते. गुडघा दुखतो म्हणून फोटो काढायचा होता. मी त्यांना बाकापाशी 'वाट्याचं का पैशाचं' विचारलं, इतरांना विचारते तसंच, आणि ते 'पैशाचं' म्हणाले आणि पावती घेऊन मिशीवरून हात फिरवत बाकाकडे वळले. रिकामी जागा होती ती तुझ्या वडिलांच्या शेजारची. मामा दुसऱ्या एकाला घेऊन आले होते. आबांचं तुला माहीत आहे. रायभानला ते ओसरीवर चहा देतात, पण कप वेगळा असतो. मी डार्करूमच्या दारातून पाहत होते. आबा थोडे थांबले. मग बसले. बाकावर घोंगडीचं टोक त्यांच्या धोतराखाली आलं होतं, ते त्यांनी काढलं नाही.

बाई आबांजवळ आल्या आणि म्हणाल्या, तुमच्याकडे पावती आहे, तुम्ही पैसे दिलेत, तुमचा डॉक्टरांशी शेताचा व्यवहार आहे का? आबा म्हणाले, "बिलकुल न्हाई. माहं रान तीर्थपुरीला हाय." मग हा वाट्याचा काय प्रकार आहे ते तुम्हीच सांगा. आबा पाय पसरून बसले होते, ते नीट बसले. म्हणाले, "बाई, ह्यो रायभान. ह्याची मेंढरं माह्या रानात बसत्यात. मी ह्याला जवारी देतो. तुम्ही इचारलं, रायभान, तुला जवारी फुकट मिळाली का? तर ह्यो न्हाईच म्हननार. आन् पैसे मोजले का इचारलं, तर त्येबी न्हाईच म्हननार. मंग दोन्ही खोटं का? माह्या बराबरीचा मानूस हाय त्यो. बराबरीच्या मानसाला फुकट देत न्हाईत, वाटा देतेत." मग मामांनी बंदराची आणि नाक्याची सगळी गोष्ट सांगितली, मी सांगितली होती त्यापेक्षा चांगली, जपानच्या बोटीवर त्यांनी दोन मेंढरंही चढवली. शेवटी म्हणाले, "सरकारनं नाक्यावर सोडलेला माल आमचा. त्यो फोटूत घेतला. तुम्हीच तर सरकार. तुम्हाला ठावं न्हाई का?" बाई पहिल्यांदा हसल्या. राधाकिसनला वेगळं बोलावून तुरीचा आणि फोटोचा संबंध नाही याची खात्री करून घेतली. मग स्वतःच्या हातानं लिहिलं : शुल्क आकारलेले नाही. लाख परत बॅगेत गेली.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. जिन्याखालची जुनी पाटी त्यांनी पाहिलीच. मागच्या वर्षांत अट का पाळली नाही, त्याचं वेगळं उत्तर डॉक्टरांना द्यावं लागणार आहे, आणि ड्यूटीचा काही भाग भरावाही लागेल. डॉक्टर म्हणाले, भरतो. आणि गेल्यावर मला म्हणाले, "तो मच्छिंद्र असता तर म्हणाला असता, मी सांगितलं होतं." मी म्हटलं, हो, म्हणाला असता. ते म्हणाले, "दुसरा टेक्निशियन लागणार आहे आता. एवढी गर्दी तुला एकटीला झेपायची नाही. नाव सुचव. भांडखोर असला तरी चालेल." मी अजून नाव दिलेलं नाही.

बाकावर नंतर काय बोलणं झालं ते मी ऐकायचं ठरवलं नव्हतं, पण डार्करूमची भिंत पातळ आहे. आबांनी विचारलं, "पोरगं कुठशीक असतंय तुहं?" मामा म्हणाले, "हैदराबादला. मशिनी दुरुस्त करून राह्यला. येतो म्हनला, दम धरा म्हनला." आणि मग त्यांनी आबांना तो लाईट गेल्याचा, गाल फुगवून उभं राहिल्याचा किस्सा सांगितला, माझ्या नावासकट. दोघं म्हातारे खोकत हसत राहिले. मग आबांनी बेबीनंदाला हाक मारून दोन चहा मागवले. आपल्याकडे काचेचे ग्लास आहेत, सगळे एकसारखे. आबांनी त्यातला जो हाताशी आला तो घेतला.

आता हे पत्र का लिहिलं ते. पाडव्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, पाच एप्रिलला, मला बघायला अंबडचे पाहुणे यायचे आहेत. हे महिन्यापूर्वी ठरलं आणि मी तुला कळवलं नव्हतं. बुधवारी जीपमध्ये चढताना आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "अंबडवाल्याला कार्ड टाकलं तर थांबतेत ते. टाकू का?" मी म्हटलं, थोडा वेळ द्या. ते म्हणाले, "घे. पन त्या रायभानावानी लाल होऊस्तोवर धरू नको." आणि जीप निघाली. आबांनी इतकं बोलणं म्हणजे किती, ते तुला कळेल. दोन वर्षांपूर्वी याच फाट्यावर बसच्या पायरीवर उभा राहून तू मला दम धर म्हणालास. मी धरला. माझी तक्रार नाही. काम चांगलं चाललं आहे, मावशीच्या हाताला चव आहे, आणि तुझी स्टॅबिलायझर आणि व्होल्टेजबद्दलची पत्रं मी दोनदा वाचते. तू आलास किंवा नाही आलास तरी मी बरीच असेन. हे तुला घाईत काही ठरवावं लागू नये म्हणून लिहिते. पण ज्यानं धरा म्हटलं त्यानंच सोडा म्हणायचं असतं, हे तूच मला शिकवलंस. तेव्हा एकच शब्द लिही. 'येतो' लिहिलंस तर मी आबांना कार्ड टाकायला सांगेन आणि डॉक्टरांना नाव देईन. 'सोड' लिहिलंस तर सोडेन. मशीनबद्दल पत्रं मग लिहू नकोस, माझं मी बघेन. आजवर पत्राखाली मी नुसतं नाव लिहीत आले. या वेळी त्याच्या वर एक शब्द जास्त आहे; तो चुकून पडलेला नाही. कार्ड वेळेत अंबडला पोचायला हवं, म्हणून गुरुवार, २ एप्रिलपर्यंत मला उत्तर मिळेल असं पाठव.

तुझीच,
शिवकन्या